दगडाखालची टपालपेटी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला आठ दिवसांपूर्वी गाठले आणि म्हणाल्या, "तुम्ही विलायतेला राहून आलात, तिकडच्या एखाद्या छंदाविषयी बोला." मला आधी हसूच आले. तीस वर्षे मी पोस्टात खिडकीशी बसून शिक्के मारले. घरी आल्यावर स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास. छंद म्हणून वेगळे काही करायला सवड कोणाला होती? पण निवृत्तीनंतर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मला एक छंद लागला, आणि गंमत अशी की त्यातही शिक्केच मारायचे असतात. तेव्हा त्याच्याविषयीच चार शब्द सांगते.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी मुलाकडे इंग्लंडला गेले. आमच्या घरचे माणूस आदल्या वर्षी गेले होते, आणि मुलाने "आई, आता एकटी राहू नकोस, चार महिने तरी ये" म्हणून आग्रह धरला. मुलगा, सूनबाई, बारा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू असा त्यांचा संसार. राहतात डेव्हन परगण्यात, म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. सगळी मंडळी चांगली हो, पण आपापल्या खोलीत. नातवाला मराठी समजे, बोलता येत नसे. माझे इंग्रजी पोस्टातले: "साइन हिअर" आणि "नेक्स्ट काउंटर". तो शाळेतून आला की "हॅलो आजी" म्हणे आणि वर निघून जाई. पंधरा दिवस आमचे संभाषण एवढेच. मी मनाशी म्हटले, इतक्या लांब आले ती भिंतीकडे बघत बसायला का?

एका रविवारी मुलगा म्हणाला, "चला, आज सगळ्यांनी लेटरबॉक्सिंगला जाऊ." मला वाटले, पत्र टाकायला निघालेत! म्हटले, त्यासाठी पाच माणसे आणि बूट कशाला? तेव्हा नात हसून म्हणाली, की ही पेटी रस्त्यावर नसते, डोंगरात दगडाखाली लपवलेली असते, आणि आपण ती शोधायची असते.

ही हकीकत मुळापासून सांगते. डेव्हनमध्ये डार्टमूर नावाचा माळ आहे. माळ म्हणजे आपल्या पठारासारखा उंचसखल प्रदेश, सुमारे ९५४ चौरस किलोमीटर. १९५१ साली तो राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. त्यातले सर्वांत उंच ठिकाण जेमतेम ६२१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्यानेही नाही. पण उंचीवर जाऊ नका. सगळीकडे ओलसर दलदल, मोकाट चरणारी तट्टे, आणि टेकड्यांच्या माथ्यावर ग्रॅनाइटच्या शिळांचे ढीग, जणू राक्षसाच्या पोराने चुली मांडल्यात. त्या ढिगांना तिकडे 'टॉर' म्हणतात. शेरलॉक होम्सची शिकारी कुत्र्याची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असेल. ती ह्याच माळावर घडते.

१८५४ साली चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट नावाचा एक वाटाड्या होता. तो हौशी लोकांना माळाच्या आत, क्रॅन्मिअर पूल नावाच्या आडवळणी जागी घेऊन जाई. नाव तळ्याचे, पण तिथे तळे असे फारसे नाही, एक दलदलीचा खळगा आहे. इतके चालून आलेल्या माणसाला काहीतरी खूण मागे ठेवावीशी वाटणारच. आपल्याकडे लोक भिंतीवर नावे कोरतात! पेरटने त्याहून बरे केले. दगड रचून त्यात एक बाटली ठेवली आणि लोकांनी आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे असे सांगितले. पुढे लोक स्वतःच्या किंवा आप्तांच्या पत्त्याचे तिकीट लावलेले पोस्टकार्डच तिथे ठेवू लागले. मागून जो कोणी येईल त्याने ते उचलायचे आणि आपल्या गावी गेल्यावर टपालात टाकायचे. म्हणून ती झाली 'लेटरबॉक्स'. मी पोस्टातली बाई. मला हे ऐकून किती बरे वाटले म्हणून सांगू! ना पोस्टमन, ना पगार, ना वरिष्ठांची तपासणी. अनोळखी माणसाच्या भरवशावर टपाल चालते.

१९०५ साली तिथे सह्यांची वही आली. १८९४ मध्ये बेल्स्टोन टॉरवर दुसरी पेटी ठेवली गेली होती, आणि १९३८ मध्ये तिसरी, डक्स पूल येथे. ही तिसरी विल्यम क्रॉसिंग ह्या लेखकाच्या स्मरणार्थ, ज्याने १९०९ साली डार्टमूरची तपशीलवार वाटदर्शिका लिहिली. शंभराहून अधिक वर्षांत पेट्या मोजक्याच झाल्या. १९७० नंतर मात्र लोकांना नाद लागला आणि बघता बघता त्यांची संख्या हजारांवर गेली. शंभर पेट्या शोधलेल्यांसाठी 'हंड्रेड क्लब' निघाला. अमेरिकेत हा छंद पसरला तो १९९८ साली स्मिथसोनियन मासिकात आलेल्या एका लेखामुळे. तिकडे लोक स्वतःच्या हाताने शिक्के कोरतात आणि पत्ता कोड्यात घालून सांगतात. मे २००० मध्ये तिथेच उपग्रहाच्या मदतीने डबे शोधण्याचा दुसरा खेळ निघाला. तो तरुण मंडळींना ठाऊक असेल. पण त्यात यंत्र वाट दाखवते. आमच्या छंदात डोके, डोळे आणि पाय.

आता ह्याला लागते काय ते सांगते. आपण बायका, आधी सामानाची यादी विचारणार! पाच वस्तू: एक कोरी वही, एक शाईची गादी, एक स्वतःचा शिक्का, होकायंत्र आणि नकाशा. डार्टमूरचा मोठा नकाशा मिळतो, त्यात चार सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. पेटी म्हणजे झाकणाचा साधा प्लॅस्टिकचा डबा. आत त्या पेटीचा शिक्का आणि एक वही. पेटी सापडली की तिचा शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला शिक्का तिच्या वहीत उठवायचा, तारीख घालायची, आणि डबा होता तसा, होता तिथे, त्याच दगडाखाली ठेवून द्यायचा. घरी न्यायचे काही नाही. जिंकायचे काही नाही. मला ह्यातली हीच गोष्ट फार आवडली.

स्वतःचा शिक्का घरीच होतो. खोडायचे मोठे रबर घ्यावे. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र काढावे, कागद रबरावर पालथा घालून नखाने घासावा, की चित्र उलटे उमटते. मग नको तेवढे रबर बारीक पात्याने अलगद काढून टाकावे. लहानपणी आपण बटाट्याचे ठसे करीत होतो, तेच हे. पाते मोठ्यांनीच धरावे, आणि कोरताना दुसरा हात पात्याच्या पुढे आणू नये. मी मोठ्या हौसेने माझा शिक्का कोरायला घेतला. कागद पालथा घालायचा कंटाळा केला आणि रबरावरच सरळ 'आजी' लिहून कोरले. उठवून बघते तर अक्षरे उलटी! जिने तीस वर्षे शिक्के हाताळले तिची ही गत. नातू पोट धरून हसला. नंतर स्वतः आरसा घेऊन आला आणि आरशात धरून त्याने वाचून दाखवले, "आ-जी." ते त्याने वाचलेले पहिले मराठी अक्षर. मी तो शिक्का बदलला नाही. आजही माझ्या वहीत उलटाच आहे.

पत्ता कसा शोधायचा, हा ह्यातला खरा अभ्यास. कागदावर लिहिलेले असते, अमुक टॉर ४० अंशांवर, एकटे झाड ३१० अंशांवर, तिथून बारा पावले. म्हणजे अशा जागी उभे राहायचे, की होकायंत्रातून बघितले असता त्या दोन्ही खुणा त्या त्या अंशांवर दिसतील. अशी जागा एकच असते. एक युक्ती सांगते, ती मला नातीने शिकवली. खुणेकडे तोंड करून उभे राहावे. आकडा हवा त्याहून जास्त आला तर उजवीकडे सरकावे, कमी आला तर डावीकडे. एकीने एक खूण धरावी, दुसरीने दुसरी, मग लवकर जमते. आमच्या घरी नकाशा मुलाकडे आणि नातीकडे, होकायंत्र माझ्याकडे, पावले मोजण्याचे काम नातवाकडे, आणि खाऊचा डबा व सगळ्यांवर नजर सूनबाईंकडे. घरातल्या पाचही माणसांना काम आहे आणि कोणाचेही दुसऱ्यावाचून चालत नाही, असा खेळ मी दुसरा पाहिला नाही.

पावले मराठीतच मोजायची असा मी हट्ट धरला. वीसपर्यंत गाडी बरी चाले. एकोणतीसला अडे. एकोणचाळीस, एकोणपन्नास म्हणजे तर त्याच्या दृष्टीने डोंगरच. "आजी, नऊ आधी का सांगत नाहीत?" असे विचारी. मी म्हणे, "बाळ, आपल्याकडे पुढचा मुक्काम आधी सांगतात आणि मग त्याला एक कमी आहे म्हणतात." त्याला ते पटले. महिन्याभरात पोरगा एकोणसत्तरपर्यंत आला.

आता जे सांगते ते सांगायला मला अवघड वाटते, पण आपल्या मैत्रिणींपुढे लपवून काय करायचे?

तिसऱ्या रविवारची गोष्ट. मी होकायंत्र छातीशी धरून आकडा वाचला आणि नातवाला दिशा दाखवली. तो पहिला पोचण्याच्या नादात धावत सुटला. आकडा चुकला होता. माझ्या गळ्यात जी पर्स होती तिला लोहचुंबकाचे बटण होते, आणि होकायंत्र मी नेमके तिच्यावर धरले होते. सुईने पर्सचे ऐकले! एरवी ह्याचे काही वाटले नसते. पेटी सापडली नसती एवढेच. पण तेवढ्यात धुके उतरले. डार्टमूरचे धुके आपल्या महाबळेश्वरच्या धुक्यासारखे पाहुण्यागत येत नाही. दार लावल्यासारखे येते. समोरचा टॉर गेला, झाड गेले, आणि पोरगाही गेला.

भगिनींनो, ती वीस मिनिटे मी विसरणार नाही. सूनबाई त्याच्या नावाने हाका मारीत होती. मुलाने तिला थांबवले आणि शिट्टी वाजवली. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असावी हा त्यांचा नियम. संकटात मिनिटभरात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा वाजवायची. ज्याला ऐकू येईल त्याने तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचे. आणि मुलांना शिकवून ठेवलेले, की वाट चुकलास तर जागचा हलू नकोस. मी मात्र मनात एकच म्हणत होते, दिशा मी दाखवली. दलदलीत जिथे शेवाळ अगदी कोवळे हिरवेगार दिसते तिथेच खोल असते, हे मी त्याच सकाळी ऐकले होते.

चौथ्या की पाचव्या वेळी लांबून तीन शिट्ट्या आल्या. एका शिळेच्या आडोशाला तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. हलला नव्हता. मला बघून म्हणाला, "आजी, मी सदुसष्ट पावले आलो, मग थांबलो." मराठीत म्हणाला. मला रडावे की हसावे कळेना.

गाडीत घरी येईपर्यंत कोणी बोलले नाही. सूनबाईचा राग मला समजत होता. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते. रात्री मी तिच्याजवळ गेले आणि म्हटले, "चूक माझी. ह्यापुढे मी घरी बसते, तुम्ही जात जा." ती भांडी पुसत होती. म्हणाली, "आई, तुम्ही यायचे. पर्स घरी ठेवायची." एवढेच. पुढच्या रविवारी आम्ही त्याच जागी गेलो आणि पेटी शोधली. आमच्या चुकीच्या दिशेच्या दुसऱ्या अंगाला, जेमतेम चाळीस पावलांवर होती. तेव्हापासून आमचा नियम झाला, की पेटीकडे एकट्याने कोणी धावायचे नाही, आणि होकायंत्राजवळ लोखंड, चुंबक, मोबाईल काही आणायचे नाही.

आणखीही नियम आहेत. जुन्या पाषाणरांगांत, थडग्यांत, भिंतींत पेटी ठेवायची नाही. खणायचे नाही, दगड फोडायचा नाही. माळाच्या उत्तर भागात सैन्याचा गोळीबाराचा सराव चालतो, तेव्हा आधी वेळापत्रक बघायचे; लाल निशाण असेल तर परत फिरायचे.

हे सगळे तिकडचे झाले. आपल्याकडे काय? तिकडून आल्यावर मी उत्साहाने किल्ल्यावर पेट्या ठेवायच्या म्हणत होते. बरे झाले, घाई केली नाही. आपले पुष्कळ किल्ले संरक्षित स्मारके आहेत, तिथे असे काही ठेवणे योग्य नाही. रस्त्यात किंवा बागेत ठेवावी, तर कोणी बेवारस वस्तू म्हणून पोलिसांना बोलावील! आणि दगडाखाली हात घालायचे तर नावच नको. आपल्या दगडाखाली विंचू राहतात, आणि पावसाळ्यात त्याहून मोठे भाडेकरूही असतात.

म्हणून आमच्या आळीतल्या चार घरांनी मिळून, आपापल्या अंगणात आणि एका मैत्रिणीच्या वाडीत, तिच्या संमतीने, सहा डबे ठेवले आहेत. सगळे उंचावर, डोळ्यांना दिसतील असे, फांदीला टांगलेले किंवा ओट्याच्या कोनाड्यात. पावसासाठी डब्यात डबा. शिक्के मुलांनी कोरलेले: तुळशीवृंदावन, रांगोळीचे कमळ, गुढी. पत्ते ओव्यांत आणि उखाण्यांत आम्ही बायकांनी घातलेले. 'विहिरीकडे पाठ, उगवतीला तोंड, जुन्या आंब्याला विचारा' असला पत्ता सोडवताना नेहमी कुरकुरणारे एक आजोबाही उठून आले. ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी एवढेच करावे: एक डबा, एक वही, एक रबर आणि एक सुटीची सकाळ. खर्च भाजीच्या एका पिशवीपेक्षा कमी.

शेवटचे एक सांगून आटोपते घेते. मी निघायच्या थोडे आधी, ऑगस्टमध्ये, मुलगा आणि नातू क्रॅन्मिअर पूलला जाऊन आले. ती चाल माझ्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. तिथे नातवाने काय केले ते मला कोणी सांगितले नाही. मी इकडे परत आले. घर पुन्हा तसेच, शांत. ऑक्टोबरात एक दिवस दारात पोस्टमन आला आणि एक पोस्टकार्ड हातात ठेवून गेला. सवयीने मी आधी शिक्का पाहिला. डेव्हनचा नव्हता, इंग्लंडच्या दुसऱ्याच टोकाच्या गावचा होता. म्हणजे कोणी अनोळखी माणूस त्या खळग्यापर्यंत चालत गेला, त्याने त्या पेटीतून माझे कार्ड उचलले, स्वतःच्या गावी नेले आणि आठवणीने टपालात टाकले. मला ते कोण हे कधीच कळणार नाही. तीस वर्षे मी दुसऱ्यांची पत्रे पुढे धाडली. ते सगळे एका कार्डात मला परत मिळाले असे वाटले.

पाठीमागे वाकड्यातिकड्या देवनागरीत एकच ओळ होती: "आजी, एकोणसत्तरच्या पुढे काय?"

मी त्याच दिवशी उत्तर लिहिले. सत्तरपासून शंभरपर्यंत, अक्षरी.